वर गार की खाली गार?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळं तासभर मागे घेतात. त्याच सुमारास घरोघरी हीटिंग सुरू होतं आणि बॉयलर दुरुस्त करणाऱ्यांचे फोनही खणखणायला लागतात. कारण साधं आहे. चार-पाच महिने पाइपांतलं पाणी एका जागी उभं असतं, पंप फिरलेला नसतो, व्हॉल्व्हच्या पिना बसल्या जागी आवळून गेलेल्या असतात. थंडीची पहिली लाट आली की सगळ्या घरांत एकाच आठवड्यात बटण दाबलं जातं आणि उन्हाळाभर झाकलेले दोष एकदम बाहेर येतात.

भारतातून नोकरीसाठी किंवा शिकायला गेलेल्या मराठी माणसाला ही यंत्रणा सुरुवातीला परकी वाटते. आपल्याकडचा गीझर बिघडला तर कॉइल गेली असेल नाहीतर थर्मोस्टॅट, एवढ्यावर निदान संपतं. तिकडे स्वयंपाकघरातल्या कपाटात एक पांढरी पेटी टांगलेली असते आणि सगळ्या खोल्यांची ऊब व न्हाणीघरातलं गरम पाणी अशी दोन्ही कामं तिच्याकडे असतात. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समधली जवळपास तीन चतुर्थांश घरं ऊब मिळवण्यासाठी केवळ पाइपच्या गॅसवर विसंबून आहेत. बाहेर शून्याखाली तापमान असताना ही पेटी बंद पडली की घरातल्या लहान मुलांचे आणि आई-वडिलांचे हाल सुरू होतात. म्हणून तिची तोंडओळख पहिल्याच हिवाळ्याआधी करून घेतलेली बरी.

जुन्या वाड्यातला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. वरून गार पाणी ओतलं की तोटीतून कढत पाणी बाहेर. बॉयलरमध्ये निखाऱ्यांच्या जागी गॅसची ज्योत असते. ती पाणी तापवते, पंप ते पाणी पाइपांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये ढकलतो, आणि ऊब देऊन कोमट झालेलं पाणी परत तापायला येतं. तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत राहतं. नळाचं पाणी मात्र वेगळं असतं. आजकाल बहुतेक फ्लॅटमध्ये ‘कॉम्बी’ बॉयलर असतो. गरम पाण्याचा नळ उघडला की त्याच्या पोटातला एक व्हॉल्व्ह रेडिएटरकडची वाट बंद करतो आणि तापलेलं पाणी एका छोट्या भांड्याकडे, म्हणजे प्लेट हीट एक्स्चेंजरकडे वळवतो. तिथे दोन पाणी एकमेकांत न मिसळता उष्णतेची देवघेव करतात. जुन्या, मोठ्या घरांत याऐवजी कपाटात तांब्याचं उभं सिलिंडर आणि माळ्यावर पाण्याच्या टाक्या असतात.

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक सीमारेषा पक्की समजून घ्यायला हवी. या यंत्रणेला पाण्याची बाजू आहे आणि गॅसची बाजू आहे. रेडिएटर, त्यांचे व्हॉल्व्ह, दाबाचा काटा, बाहेर जाणारी सांडपाण्याची नळी, थर्मोस्टॅट ही पाण्याची आणि नियंत्रणाची बाजू. इथले बरेचसे दोष घरातलं माणूस स्वतः ओळखू शकतं आणि त्यातले निम्मेअधिक दूरही करू शकतं. पेटीचं स्क्रूने बसवलेलं झाकण आणि त्याच्या आत जे काही आहे, ती गॅसची बाजू. तिथे हात लावायचा नाही.

सुरुवात मात्र अगदी किरकोळ गोष्टींपासून करावी. बॉयलरशेजारच्या स्विचमध्ये ३ ॲम्पिअरचा छोटा फ्यूज असतो, तो उडालाय का? भिंतीवरच्या बिनतारी थर्मोस्टॅटमधले सेल संपलेत का? वीज जाऊन आल्यावर टायमरचं घड्याळ चुकलंय का? आगाऊ पैसे भरून चालणारा गॅस मीटर असेल, तर त्यात शिल्लक आहे का? स्वयंपाकाची शेगडी गॅसची असेल तर ती पेटवून पाहावी. तीही पेटत नसेल, तर बॉयलरला दोष देण्यात अर्थ नाही. हे सगळं तपासायला पाच मिनिटं लागतात, आणि या पाच मिनिटांवाचून इंजिनिअरला बोलावून, सेल बदलण्यासाठी पूर्ण भेटीचे पैसे मोजणारे लोक दर हिवाळ्यात असतात. रीसेटचं बटण एकदा, फार तर दोनदा दाबावं. त्यानंतरही बॉयलर पेटत नसेल तर तो सुरक्षिततेसाठीच थांबलेला असतो. पुन्हा पुन्हा बटण दाबून त्याच्यावर जबरदस्ती करू नये.

यानंतर नजर जायला हवी ती दाबाच्या काट्याकडे. बॉयलरच्या तळाशी किंवा दर्शनी पडद्यावर हा आकडा दिसतो. पाणी गार असताना तो साधारण १ ते १.५ बार असावा. तापल्यावर थोडा वर चढतो, २ च्या आसपास गेला तरी काळजीचं कारण नाही. अर्ध्या बारच्या खाली घसरला की बहुतेक बॉयलर पेटायलाच नकार देतात, कारण कोरड्या भांड्याखाली जाळ करणं धोक्याचं. अशा वेळी पाणी भरायचं असतं. त्यासाठी बॉयलरखाली विणीव पोलादी वेष्टणाची एक लवचीक नळी असते, तिला फिलिंग लूप म्हणतात. तिच्या टोकांचे छोटे व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचे, पाणी शिरल्याचा सूं-सूं आवाज येतो, काटा १.२-१.३ वर आला की आधी एक आणि मग दुसरा व्हॉल्व्ह घट्ट बंद करायचा. काही मॉडेलांत नळीऐवजी आतच एक चावी असते. कंपनीच्या पुस्तिकेत तिचं चित्र असतं. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला तर दाब चढत जातो आणि ३ बारला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून पाणी घराबाहेर सोडून देतो.

वर्षातून एकदा थोडं पाणी भरावं लागलं तर ते स्वाभाविक आहे. दर आठवड्याला भरावं लागत असेल, तर पाणी कुठेतरी जातंय. आधी प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या व्हॉल्व्हखाली कोरड्या टिश्यूपेपरने पुसून पाहावं. हिरवट किंवा तपकिरी डाग असेल तर गळती तिथे आहे. तिथे काही सापडलं नाही, तर बॉयलरमागे भिंतीतून बाहेर आलेलं तांब्याचं आखूड, खाली वाकलेलं नळकांडं पाहावं. सुरक्षा व्हॉल्व्हमधलं पाणी तिथून पडतं. जुने प्लंबर त्या तोंडाला प्लास्टिकची छोटी पिशवी रबरबँडने सैल बांधतात आणि दुसऱ्या दिवशी उघडतात. पिशवीत पाणी साचलं असेल, तर चोर सापडला.

या गळतीमागे बऱ्याचदा एक्स्पान्शन व्हेसल असतं. पाणी १० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की सुमारे तीन टक्क्यांनी फुगतं. घरातल्या यंत्रणेत १०० लिटर पाणी असेल तर हे तीन लिटर जास्तीचं पाणी कुठेतरी सामावलं पाहिजे. त्यासाठी एका डब्यात रबरी पडद्याआड हवा भरलेली असते, ती दाबली जाऊन जागा करून देते. वर्षांमागून वर्षं ती हवा झिरपून जाते किंवा पडदा फाटतो. मग हीटिंग लावल्यावर काटा झरझर ३ कडे धावतो आणि गार झाल्यावर शून्याजवळ येऊन पडतो. काट्याचं हे दोन टोकांमधलं हेलकावणं दिसलं की इंजिनिअरला फोनवर तेवढंच सांगावं. तो योग्य सामान घेऊन येतो.

आता रेडिएटर. इथे सगळ्यात चांगलं उपकरण म्हणजे स्वतःचा तळहात. हीटिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्रत्येक रेडिएटरवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवावा, भाजणार नाही याची काळजी घेऊन. वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल, तर आत हवा अडकली आहे. खालचा मधला भाग गार आणि कडा व वरचा भाग गरम असेल, तर तळाशी गाळ बसला आहे. सबंध रेडिएटर गार असेल आणि बाकीचे तापत असतील, तर व्हॉल्व्ह अडकला आहे. लक्षणांवरून इतकं स्वच्छ निदान घरातल्या फार थोड्या यंत्रांचं करता येतं.

हवा काढणं हे काम दहा-बारा वर्षांच्या मुलालाही शिकवता येईल इतकं सोपं आहे. हीटिंग बंद करून रेडिएटर गार होऊ द्यायचा. त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक चौकोनी खिट्टी असते. तिची पितळी किल्ली हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते. खाली फडकं धरायचं, किल्ली घड्याळाच्या उलट दिशेने फक्त पाव फेरा फिरवायची. हवा फुस्स करत बाहेर येते. आवाज बारीक होत जातो, मग पाण्याचे दोन-चार थेंब थुंकल्यासारखे उडतात आणि सरळ धार लागते. धार लागली की लगेच बंद. पाणी बहुधा काळपट असतं, म्हणून पांढरा गालिचा असेल तर फडकं दुहेरी धरावं. तळमजल्यापासून सुरू करून वर जायचं, आणि सगळं झाल्यावर दाबाचा काटा पुन्हा पाहायचा, कारण हवा गेली तेवढा दाब उतरतो. हे शेवटचं पाऊल लोक हमखास विसरतात आणि ‘हवा काढली आणि बॉयलरच बंद पडला’ म्हणून घाबरतात. एक सावधगिरी मात्र हवी: आतला वायू नेहमी साधी हवाच असेल असं नाही. रेडिएटरचं पोलाद आतून गंजताना हायड्रोजन तयार होऊ शकतो, आणि हायड्रोजन पेट घेतो. जवळ उदबत्ती, मेणबत्ती, काडी काही नको.

तोच रेडिएटर दर पंधरवड्याला हवेने भरत असेल तर बहुधा हा गंजच कारणीभूत असतो. गंजाचं दुसरं अपत्य म्हणजे गाळ. पाणी आणि पोलाद यांच्या सहवासातून मॅग्नेटाइट नावाचं काळं लोहभस्म तयार होतं. ते जड असल्याने रेडिएटरच्या तळाशी शाईसारखं बसतं, पंपात आणि बॉयलरच्या अरुंद वाटांत अडकतं. ते लोहचुंबकाला चिकटतं, म्हणून बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपवर चुंबकाचा फिल्टर बसवतात. वार्षिक तपासणीत तो उघडून धुतला की त्यावरून काळ्या चिखलाचा थर उतरतो. पाण्यात गंजरोधक रसायन घालणं हा यावरचा स्वस्त आणि खरा उपाय आहे. रेडिएटर काढून नवा बसवल्यावर किंवा बरंच पाणी बदलल्यावर ते पुन्हा घालावं लागतं. गाळ फारच असेल तर यंत्राने जोरात पाणी फिरवून सगळी यंत्रणा धुतात. ते काम खर्चाचं आहे, म्हणून रसायनाची बाटली वेळेवर घातलेली परवडते.

पूर्ण गार रेडिएटरसाठी बाजूच्या १ ते ५ आकड्यांच्या गोल मुठीकडे पाहावं. ही मूठ फिरवून काढली की खाली एक बारीक पिन दिसते. ती बोटाने किंवा लाकडाच्या तुकड्याने दाबल्यावर आत जाऊन परत वर आली पाहिजे. उन्हाळाभर मूठ बंद ठेवलेली असेल तर पिन आतच चिकटते. पक्कडीने ओढू नये, निघून आली तर पाण्याचं कारंजं उडेल. बाजूने हलके टिचके मारले की बहुधा सुटते. या मुठीबद्दल एक गैरसमजही फार आहे. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही. मूठ आसपासच्या हवेचं तापमान ओळखते आणि ठरलेल्या उबेला पाणी अडवते. ३ म्हणजे साधारण २० अंश. म्हणूनच तिच्यावर जाड पडदा आला किंवा पुढ्यात सोफा लावला, तर त्या कोंडलेल्या गरम हवेला ती खोलीची हवा समजते आणि लवकर मिटते. खोली गार, व्हॉल्व्ह मात्र निर्धास्त. सोफा वीतभर पुढे ओढणं ही तिथली सगळी दुरुस्ती.

जवळचे रेडिएटर भाजून काढतात आणि लांबच्या खोलीतला कोमटच राहतो, हा प्रश्न पाण्याच्या वाटपाचा आहे. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेतांनी पाणी ओढलं की शेपटाकडच्या शेताला ते पुरत नाही, तसंच. रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला प्लास्टिकच्या टोपीखाली आणखी एक व्हॉल्व्ह असतो. जवळच्या रेडिएटरांचे हे व्हॉल्व्ह थोडे आवळले की पाणी पुढे सरकतं.

नळाच्या गरम पाण्याच्या तक्रारी वेगळ्या. नळाला पाणी छान तापतं पण रेडिएटर गारच, किंवा भर जुलैत नळ उघडला की रेडिएटरही तापतात, तर पेटीच्या आतला वाट वळवणारा व्हॉल्व्ह अडकलाय. तो बदलणं इंजिनिअरचं काम. शॉवरचं पाणी गरम-गार-गरम होत राहिलं तर संशय प्लेट हीट एक्स्चेंजरमधल्या क्षारांवर जातो. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं पाणी खडूच्या खडकांतून येतं. त्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम कार्बोनेट असणं नेहमीचं आहे. ज्यांनी सोसायटीच्या बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर चढलेलं पांढरं कवच पाहिलंय, त्यांना वेगळं समजावायला नको. ग्लासगोत राहणाऱ्यांना हा त्रास जवळजवळ नाही, कारण १८५९ पासून त्या शहराला लॉख कॅट्रिन तलावाचं मऊ पाणी मिळतं. क्षार किंवा गाळ मुख्य हीट एक्स्चेंजरमध्ये साठला, तर बॉयलर पेटताच किटलीत पाणी उकळावं तसा खदखद आवाज येतो. हा आवाज सुरू झाला की टाळाटाळ नको, कारण थराखालचा धातू प्रमाणाबाहेर तापत असतो.

हिवाळ्यातली एक तक्रार मात्र दोषाची नसतेच. २४ किलोवॉटचा कॉम्बी बॉयलर मिनिटाला सुमारे १० लिटर पाणी ३५ अंशांनी वर नेऊ शकतो. उन्हाळ्यात नळाला १५ अंशांचं पाणी येतं, ते ५० पर्यंत चढतं. जानेवारीत तेच पाणी ५ अंशांवर येतं, म्हणून ४० च्या वर जात नाही. नळ थोडा बारीक केला की पाणी लगेच कढत होतं. बादलीने आंघोळ करणाऱ्या घरात हे पहिल्याच दिवशी ध्यानात येतं.

सिलिंडर असलेल्या घरात तापमान ६० अंशांच्या खाली ठेवू नये. कोमट, साठलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतो. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनात त्याची साथ पसरली आणि त्यावरूनच या जिवाणूमुळे होणाऱ्या न्यूमोनियाला नाव पडलं. गॅस बॉयलर बंद पडला तरी अशा सिलिंडरला बहुधा विजेचा, ३ किलोवॉटचा इमर्शन हीटर असतो. त्याचा स्विच कपाटाजवळ कुठे आहे ते आधीच शोधून ठेवलं तर निदान आंघोळीचं पाणी मिळतं.

कडाक्याच्या थंडीत होणारा एक बिघाड पुष्कळांना चकवतो. एप्रिल २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नवे गॅस बॉयलर ‘कंडेन्सिंग’ प्रकारचे असणं सक्तीचं झालं. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते; एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी निघतं. हे बॉयलर त्या वाफेचं पाणी करून तिच्यातली उष्णताही वापरतात, आणि ते किंचित आम्ल पाणी बोटाएवढ्या प्लास्टिकच्या नळीतून बाहेर सोडतात. नळी बाहेरच्या भिंतीवरून जात असेल तर गोठते. डिसेंबर २०१० मध्ये, शंभर वर्षांच्या नोंदींतल्या सर्वांत थंड डिसेंबरात, आणि पुन्हा २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या हिमलाटेत असे असंख्य बॉयलर बंद पडले. बॉयलर मोडलेला नसतो, फक्त त्याचं सांडपाणी अडलेलं असतं. आतून गुळगुळ आवाज येतो आणि पडद्यावर बिघाडाचा संकेत दिसतो. नळी जमिनीवरून हाताला पोचत असेल, तर वळणाच्या जागी कोमट पाणी ओतावं किंवा गरम पाण्याची पिशवी धरावी. उकळतं पाणी नको. नळी तडकते आणि जमिनीवर सांडलेलं पाणी गोठून पाय घसरतो. बर्फ सुटला की रीसेट करावं, आणि उन्हाळ्यात त्या नळीवर फोमचं आवरण चढवून घ्यावं.

आता गॅसची बाजू. इथे मात्र कुणाच्याही धाडसाचं कौतुक नको. बॉयलरची ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली, पेटीवर काजळीचे डाग उमटले, किंवा घरातल्या सगळ्यांचंच एकदम डोकं दुखायला, मळमळायला लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्यावा. या वायूला रंग नाही, वास नाही. लक्षणं फ्लूसारखी असल्याने लोक गोळी घेऊन झोपतात, आणि ती झोप जीवघेणी ठरू शकते. हा वायू ओळखणाऱ्या अलार्मची किंमत एका वेळच्या बाहेरच्या जेवणाएवढी असते. १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात गॅस बॉयलर असलेल्या खोलीत हा अलार्म बसवणं घरमालकावर बंधनकारक आहे. गॅसचं काम करणारा माणूस ‘गॅस सेफ रजिस्टर’वर नोंदलेला असावा लागतो, १ एप्रिल २००९ पासून ही नोंदणी चालते. त्याचं ओळखपत्र मागायला संकोच करू नये. पत्राच्या मागच्या बाजूला त्याला कोणकोणती कामं करायची परवानगी आहे तेही लिहिलेलं असतं.

भाडेकरू म्हणून राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपले हक्कही माहीत करून घ्यावेत. घरमालकाने दर बारा महिन्यांनी गॅसची सुरक्षा तपासणी करून तिचं प्रमाणपत्र भाडेकरूला देणं १९९८ च्या नियमांनुसार सक्तीचं आहे. इंग्लंडमध्ये हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी १९८५ च्या कायद्याच्या ११ व्या कलमाने घरमालकावरच टाकली आहे. एजंट फोनवर ‘बघतो’ म्हणत राहिला, तर तक्रार ईमेलने करावी. सोबत दाबाच्या काट्याचा आणि बिघाडाच्या संकेताचा फोटो जोडावा. नीट लिहिलेल्या तक्रारीची दखल लवकर घेतली जाते, हा अनेकांचा अनुभव आहे.

सप्टेंबरातल्या एखाद्या रविवारी, गरज नसली तरी, अर्धा तास हीटिंग लावून पाहा. प्रत्येक रेडिएटरवरून हात फिरवा, काटा वाचा, मुठी शेवटपर्यंत फिरवून परत आणा. त्या दिवसांत इंजिनिअर दोन दिवसांत येतो; डिसेंबरात त्याची वाट पाहावी लागते. आणि घरात गॅसचा वास आला, किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तर खिडक्या उघडा, विजेचा कुठलाही स्विच दाबू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून ०८०० १११ ९९९ वर फोन करा. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आजच लिहून फ्रीजवर लावून ठेवा.